विहुएलाची बैठक: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑक्टोबर 2025

12 एप्रिल, पुणे

तारीख ठरली. ऑक्टोबरचा पहिला रविवार, सदाशिव पेठेतल्या एका स्नेह्यांचा दिवाणखाना, तासाभराची बैठक. माइक नाही.

वाद्य एकच, विहुएला. सोळाव्या शतकातल्या स्पेनचं हे वाद्य दिसायला गिटारसारखं कमरेचं, पण सहा जोडतारांचं. तारा लावायच्या त्या मात्र ल्यूट या युरोपातल्या जुन्या तंतुवाद्यासारख्या: शेजारच्या दोन जोड्यांत सा-म चं अंतर, फक्त चौथी आणि तिसरी यांच्यात सा-ग चं. गिटारची तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवली की हीच जुळणी मिळते, म्हणून जगभर विहुएलाच्या रचना गिटारवर वाजवल्या जातात. मीही इतकी वर्षं तशाच वाजवल्या. मूळ वाद्यं मोजकीच उरली आहेत. पॅरिसच्या संग्रहालयांत दोन, एक्वादोरमधल्या कीतोच्या चर्चमध्ये एक. माझं वाद्य त्या धर्तीवर हल्ली बनवलेलं आहे, तारेची लांबी 60 सेंटीमीटर.

विहुएलासाठी छापलेली सात पुस्तकं आहेत, पहिलं 1536 चं, शेवटचं 1576 चं. मी तीनच घेतोय. लुईस मिलानचं ‘एल माएस्त्रो’ (व्हॅलेन्सिया, 1536), लुईस दे नार्वाएझचं ‘देल्फिन’ (वाल्लादोलिद, 1538) आणि अलोन्सो मुदार्राचं 1546 चं सेवियातलं. कार्यक्रम साधारण असा: मिलानच्या पावाना (संथ नाचाच्या चाली) आणि दोन फँटसिया (मुक्त रचना), नार्वाएझची दोन कामं, मुदार्राची दहावी फँटसिया. गाणारं कुणी मिळालं तर मिलानची गाणी. नार्वाएझच्या ‘कोंदे क्लारोस’ची 22 रूपं या वेळी नकोत.

हा उपद्व्याप कशासाठी, तेही लिहून ठेवतो. गिटारच्या परीक्षांत मिलानच्या पावाना ‘सोपे तुकडे’ म्हणून येतात आणि मुलं त्या कवायतीसारख्या एका चालीत वाजवतात. मिलानने पुस्तकात काय मागितलंय ते त्याच्याच प्रकारच्या वाद्यावर, त्याच प्रकारच्या तारांवर करून बघायचं आहे.

19 एप्रिल

तारांचा हिशेब. वरच्या तीन जोड्या खऱ्या तातीच्या लावायचं ठरवलं, म्हणजे आतड्याची तात, सारंगीला असते ती. खालच्या जोड्यांना तातीइतक्याच वजनाचा कृत्रिम पर्याय. पावसाळा तोंडावर आहे आणि खिसाही बघायचा आहे.

वाद्य कुठल्या पट्टीत लावायचं याबद्दल मिलान सांगतो ते मासलेवाईक आहे. वाद्य मोठं असेल तर पहिली तार जाडसर घ्या, लहान असेल तर बारीक, आणि मग ती सोसेल तितकी वर चढवा. बाकीच्या तारा तिच्यावरून लावा. स्वरकाटा नाही, पेटी नाही, तारेचं सोसणं हेच माप. वाचताना हा अडाणी हिशेब वाटतो, पण गणित करून पाहिलं की पटतो. जाड तार जास्त ताण सोसते, पण त्याच सुराला चढवायला तिला जास्त ताण लागतोही, आणि दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. त्यामुळे तार कुठल्या सुराला तुटणार हे जाडीवर ठरत नाही, लांबीवर ठरतं. सुराची कंपनसंख्या गुणिले मीटरमधली लांबी, हा आकडा तातीसाठी 260 च्या आसपास गेला की संपलं. मी 415 च्या पट्टीवर (युरोपीय ‘ए’ सूर 415 कंपनांचा) पहिली तार 370 कंपनांना लावतोय. 370 गुणिले 0.6 म्हणजे 222. दमट हवेसाठी एवढी सवलत हवीच. जाडी 0.44 मिलिमीटर, ताण साधारण 4 किलो.

आपल्या पेटीवर ही पहिली तार काळी तीन येते. गाणारीला सांगायला हे बरं.

20 एप्रिल

तारा चढवल्या. दिवसभर ताणल्या जात राहिल्या. आज वाजवण्यासारखं काही नाही.

4 मे

उकाडा. या वाद्याचे सगळे सांधे सरसाने जोडलेले आहेत आणि सरस उन्हात मऊ पडतो. घोडी तबलीवर नुसती चिकटवलेली असते आणि बारा तारा तिला ओढत असतात. वाद्य खिडकीपासून लांब, कपाटाच्या आत, ओल्या मातीच्या भांड्याशेजारी. गाडीत तर दोन मिनिटंही ठेवायचं नाही.

मिरजेचे एक सतार-कारागीर कामासाठी पुण्यात आले होते, त्यांना वाद्य दाखवलं. पडदे पाहून चाचा खूश. विहुएलाचे पडदे गिटारसारखे ठोकलेले नसतात. तातीचा तुकडा मानेभोवती आवळून गाठ मारायची, टोकं जाळून बोंडं करायची, झाला पडदा. पहिला जाड, पुढचे बारीक होत जाणारे.

“सरकतायत की हे!” चाचा म्हणाले आणि अंगठ्याने चौथा पडदा हलवून पाहिला. मग चौथ्या जोडीवर तो दाबून छेडला, खाली मोकळी तार छेडली, आणि मान हलवली. “गंधार चढलाय ओ. जरा मागं घ्या.”

चाचांना युरोपचं संगीत ठाऊक नाही, पण त्यांनी बोट ठेवलं ते नेमक्या जागी. मी पडदे आधुनिक सम अंतरांवर बांधले होते. त्या मापाने चौथा पडदा 60 सेंटीमीटरच्या तारेवर वरच्या टोकापासून 12.4 सेंटीमीटरवर येतो. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येतो तो 5:4 चा गंधार हवा असेल तर तो 12 वर यायला हवा. चार मिलिमीटरचा फरक, आणि कानाला तो चार मिलिमीटरपेक्षा बराच मोठा लागतो. त्या काळी स्वरजुळणी या शुद्ध गंधाराकडे झुकलेलीच होती. मिलान तर एका गाण्यापूर्वी वादकाला चौथा पडदा थोडा सरकवून घ्यायला सांगतो.

मी पडदा पूर्ण मागे नेला नाही, दोन मिलिमीटरवर थांबलो. पूर्ण नेला की पंचमांचं बिनसतं. चौथ्या पडद्याचं तरी ठीक, सगळ्या तारांवर तो एकाच दिशेला ओढतो. खरी डोकेदुखी पहिला पडदा. तिसऱ्या आणि दुसऱ्या जोडीवर तिथला सूर थोडा चढा हवा असतो, चौथ्या-पाचव्या जोडीवर उतरलेला. एकच तात, दोन मागण्या. चाचांनी काहीही न विचारता पडदा तिरका केला, खर्जाच्या बाजूला खुंट्यांकडे, बारीक तारांच्या बाजूला घोडीकडे. सतारीचा पडदा असा तिरका चालत नाही, पण इथे चाललं. चहा घेऊन गेले, पैसे घेतले नाहीत.

27 मे

यंदा पाऊस मे संपायच्या आत आला. रात्रीत सगळ्या खुंट्या फुगून घट्ट बसल्या. एप्रिलमध्ये त्याच घसरत होत्या आणि मी खडू लावत होतो. आता साबणाची वडी फिरवली. खडू आणि साबण, वाद्याच्या पेटीत दोन्ही हवेत.

पहिल्या जोडीतली एक तात पहाटे तुटली. वाद्य पेटीत होतं, कुणी हात लावलेला नव्हता.

15 जून

उजव्या हाताचं काम. नखं काढून टाकली. गिटारवाल्याने नखं कापणं म्हणजे काय ते गिटारवालाच जाणे. पण जोडतारांवर नख आधी एका तारेला लागतं आणि मग दुसरीला, त्यामुळे जोडीचा एक आवाज होत नाही. शिवाय नखाने तात फार लवकर उसवते. मिगेल दे फुएन्याना, जन्मांध वादक, त्याचं पुस्तक 1554 चं. तो स्पष्टच म्हणतो की नखाने छेडणं हे उणंच, बोटाच्या जिवंत मांसालाच मनातलं पोचवता येतं. नखवाल्या गिटारच्या बाजूने मीही पुष्कळ वाद घातलेत, पण या तारांवर फुएन्यानाचं बरोबर आहे.

द्रुत सुरावटीसाठी मिलान दोन तऱ्हा सांगतो. एक दोन बोटांची आलटून-पालटून. दुसरी एकट्या तर्जनीची: आत येताना एक आघात, बाहेर जाताना दुसरा. दुसरीचं वर्णन परदेशी शिक्षक चमत्कारिक, विसरलेली, कठीण तऱ्हा म्हणून करतात. आपल्याकडे सतार शिकणारं पोर पहिल्या आठवड्यात हेच करतं. दा रा, दा रा. मिजराब काढली की झालं.

अर्थात इतकं सरळ नाही. मिजराबीत दा आणि रा दोन्ही तारेला सारखे बसवता येतात. इथे आत येताना मांस लागतं आणि बाहेर जाताना नखाची पाठ, तेव्हा दुसरा आघात मुळातच कमजोर आणि पातळ. गिटारच्या शिस्तीत हा दोष घालवायचा असतो. इथे तो ठेवायचा. त्या काळच्या सुरावटी जोड्यांनी चालतात, पहिला सूर वजनदार, दुसरा हलका, आणि तर्जनी ते काही न करता देते. मिलानच्या सुरावटी या तऱ्हेने वाजवल्या तेव्हा प्रथमच त्या बोलल्यासारख्या वाटल्या.

सतारीचे जुने पलटे काढून रोज सकाळी विहुएलावर घासतोय. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय हो, सतार कधीपासून?”

29 जून

मिलानची लय. आठवडाभर याच्यातच आहे, म्हणून सविस्तर.

माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या पुस्तकांची पानं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत, तीच छापून घेतली. स्वरलिपी नाहीच. सहा रेघा म्हणजे सहा जोड्या, रेघेवर आकडा म्हणजे कितवा पडदा, शून्य म्हणजे मोकळी तार. वर तालाची चिन्हं. बाकीच्या स्पॅनिश पुस्तकांत वरची रेघ खर्जाची आहे, एकटा मिलान वरची रेघ बारीक तारेची धरतो. सकाळी मिलान आणि संध्याकाळी नार्वाएझ वाचला की डोकं उलटं-सुलटं होतं.

या लिपीचा स्वभाव असा की बोट कुठे ठेवायचं ते ती चोख सांगते आणि सूर किती वेळ धरायचा त्याबद्दल गप्प बसते. वरच्या चिन्हावरून पुढचा आकडा कधी ते कळतं, आधीचा सूर कधी सोडायचा ते नाही. आधुनिक प्रतींत संपादकाने हे सगळं ठरवून, प्रत्येक सुराला लांबी देऊन, आखीव करून ठेवलेलं असतं. पावानांची कवायत होते ती इथे.

मिलान मात्र प्रत्येक रचनेपूर्वी चार ओळी लिहितो, आणि गिटारच्या संग्रहांत त्या ओळी गाळल्या जातात. लयीच्या सूचना छापणाऱ्या सर्वांत जुन्या पुस्तकांत याची गणना होते. काही फँटसियांबद्दल त्याचं म्हणणं असं: स्वरसंघ (एकदम वाजणारे अनेक सूर) येतील ते सावकाश, सुरावटी येतील त्या जलद, आणि विरामचिन्ह दिसेल तिथे थोडं थांबा. या रचनांत काटेकोर मात्रेपेक्षा ऐट महत्त्वाची, असंही तो सांगून टाकतो.

म्हणजे एकाच तुकड्यात लय सतत बदलती, आणि तीही लेखकाच्या आज्ञेने. मी हे गिटारवर पूर्वी करून पाहिलं होतं तेव्हा नाटकी वाटलं होतं. विहुएलावर कारण कळलं. तातीचा स्वरसंघ वाजतो तेव्हा आधी टणत्कार, मग चटकन ओसरता आवाज, आणि खाली जोडतारांची बारीक गुणगुण. ती ऐकू येईतो थांबलं नाही तर स्वरसंघ उघडतच नाही. उलट सुरावट सावकाश वाजवली की दोन सुरांमध्ये पोकळी पडते, आवाज टिकतच नाही, तेव्हा ती पळवावीच लागते. मिलान सांगतो ती लय या वाद्याच्या आवाजाची लय आहे. नायलॉनच्या गिटारवर सूर रेंगाळतो, म्हणून तिथे सगळं एका मापात खपून जातं.

ओळखीच्या एका गायकाला ऐकवलं तर तो म्हणाला, “आलाप आणि तान झालं की हे.” म्हटलं थांब. रागाची बढत इथे नाही, एकाच सुराभोवती फिरणं नाही, चार आवाज एकमेकांच्या मागे धावतायत आणि मध्येच थबकतायत. दिसायला सारखं, आतून वेगळं. तरी बैठकीच्या निवेदनात हे वाक्य वापरायचा मोह होतोय.

पावानांना त्याची सूचना वेगळी, लय थोडी घाईची, आणि प्रत्येक पावाना दोनतीनदा वाजवा. दुसऱ्या वेळी काय बदलायचं ते तो सांगत नाही. ते आपण बघायचं.

13 जुलै

मुदार्राची दहावी फँटसिया. लुदोविको नावाच्या दरबारी वीणावादकाची नक्कल, तारांच्या उभ्या वीणेची, हार्पची. एकाच सुरावटीतला प्रत्येक सूर वेगळ्या जोडीवर, त्यामुळे सूर एकमेकांत मिसळून झंकारत राहतात. शेवटाकडे जाणूनबुजून खटकणारे सूर येतात, आणि तिथे मुदार्राने टीप छापली आहे: इथून जवळजवळ शेवटापर्यंत काही खोटे सूर आहेत, नीट वाजवलेत तर वाईट लागत नाहीत. चारशे ऐंशी वर्षांपूर्वीचा माणूस छापखान्यातून डोळा मारतोय.

गंमत अशी की पडदे सम अंतरावर होते तेव्हा हे सूर फारसे खटकतच नव्हते. आता गंधार शुद्धाकडे गेलेत आणि खोटे सूर खरंच खोटे लागतात. नार्वाएझच्या ‘मिल रग्रे’लाही पडद्यांचा असाच फायदा झाला. जोस्कँ या संगीतकाराचं चार आवाजांचं गीत, पाचव्या चार्ल्स बादशहाच्या नावाने ओळखलं जाणारं. गळा सूर लांबवतो तिथे विहुएला लांबवू शकत नाही, म्हणून नार्वाएझ त्या मोकळ्या जागा बारीक सुरावटींनी भरतो. तो भरणा दागिन्यासारखा वाजवायचा नाही, गळ्याचा दम समजून वाजवायचा.

3 ऑगस्ट, मडगाव

गाणारी मिळाली. चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेली, मांडो सुरेख म्हणते, आणि आजीकडून आलेलं पोर्तुगीज अजून जिभेवर आहे. ते हवं होतं, कारण मिलानच्या पुस्तकात स्पॅनिश गाण्यांच्या जोडीने पोर्तुगीज गाणीही आहेत. पुस्तक अर्पण केलंय पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंव राजाला. ते छापलं तेव्हा गोवा याच राजाच्या अमलाखाली होतं.

‘लेवायमे आमोर’ उघडलं. गाण्याची ओळ वेगळी दिलेलीच नाही. वादकाच्या आकड्यांमध्येच काही आकडे लाल शाईत छापलेत, तेवढे गायकाचे.

“दादा, ही पोर्तुगीज आमच्या आजीचीसुद्धा नाही,” ती म्हणाली, “आजीच्या आजीलासुद्धा ही परकी वाटली असती.” व्हॅलेन्सियाच्या मिलानने ती स्पॅनिश कानाने लिहिली आहे, त्यामुळे अक्षरं वेडीवाकडी. उच्चार तिनेच ठरवले, मी मध्ये पडलो नाही.

मिलान पुष्कळ गाणी दोनदा देतो. पहिल्यांदा विहुएला साधी, गायकाने गळा फिरवायचा. दुसऱ्यांदा गायकाने सरळ गायचं आणि विहुएलाने सुरावटी घ्यायच्या. ती पहिल्या खेपेला मोकळी सुटली, मांडोतल्या हरकती आपसूक आल्या. दुसऱ्या खेपेला माझी बारी, तर तिला साधं गाणं जमेना, गळा आपला वळतोय. “हात बांधून गायल्यासारखं वाटतं,” म्हणाली. दोघांनी एकाच वेळी सजवलं तर कसं होतं तेही करून पाहिलं. मासळीबाजार.

पट्टी तिला खाली पडतेय. तार चढवायला जागा नाही. आकडे तेच ठेवून घोडीकडच्या पडद्यांवर सरकणं हा मार्ग आहे, पण मोकळ्या तारा जातात आणि त्यांच्याबरोबर रंगही. तीच म्हणाली, खालीच गाते, घरात गायचंय ना.

17 ऑगस्ट

संध्याकाळचा सराव बंद. नदीपात्रात ढोल-पथकांचा सराव सुरू झालाय, खिडक्या लावूनही विहुएलाचा सूर मला स्वतःला ऐकू येत नाही. पहाटे पाचला उठतोय.

14 सप्टेंबर

दिवाणखान्यात जाऊन वाजवून पाहिलं. शहाबादी फरशी, उंच छत, एका भिंतीला पुस्तकांची कपाटं. आवाज छान फिरतो, पण पंख्याखाली काहीच उरत नाही. पंखा बंद, फ्रीजची पिनही काढायची. सतरंजी फक्त श्रोत्यांखाली, माझ्या पायाशी फरशी उघडी ठेवायची. चाळीस माणसं बोलवायचा यजमानांचा विचार होता, पंचविसांवर आणलं. मागच्या रांगेतल्याला सुरावट ऐकू यायला हवी, नुसते स्वरसंघ पोचले तर मिलान निम्माच पोचतो.

कुणीतरी छोटा स्पीकर सुचवला. नको.

5 ऑक्टोबर

बैठक झाली. दुपारी पाऊस पडून गेला, त्यामुळे सूर लावायला अर्धा तास गेला आणि मध्यंतरात पुन्हा. अठराव्या शतकात कुणी तरी ल्यूटवाल्यांची थट्टा केली होती की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवादकाची साठ वर्षं तारा लावण्यातच जातात. तो किस्सा श्रोत्यांना सांगितला, वेळ निभावली.

पावाना दोनदोनदा वाजवल्या. दुसऱ्या वेळी स्वरसंघ फोडून घेतले. नार्वाएझच्या ‘गुआर्दामे लास वाकास’ला लोक पहिल्यांदा नीट बसले, कारण खर्जाची चाल पुन्हा पुन्हा येते आणि वर रूपं बदलतात, ते आपल्या कानाला लगेच सापडतं. मुदार्राच्या खोट्या सुरांना हशा आला, अगदी हवा तिथे. ‘लेवायमे आमोर’ दोन्ही तऱ्हांनी झालं. दुसऱ्या तऱ्हेत तिने खरोखर सरळ गायलं, आणि माझ्या मते संध्याकाळचं सगळ्यांत चांगलं काम तेच.

शेवटी एका वयस्कर तबलजींनी विचारलं, “मिलानमध्ये सम कुठंय?” म्हटलं, नाही. “मग हात कुठं मारायचा?” ते नाराज होते आणि त्यांनी ते लपवलं नाही.

8 ऑक्टोबर

त्यांच्यासाठी तरी पुढच्या खेपेला ‘कोंदे क्लारोस’ घ्यायचंच. एवढंसं आवर्तन लेहऱ्यासारखं फिरत राहतं आणि त्यावर नार्वाएझची बावीस रूपं. सगळी नाही, आठ-दहा निवडायची, आणि मुदार्राच्या बारांतली दोन मध्ये घुसवता येतात का बघायचं.

कामं: पहिल्या तारेच्या जादा ताती मागवणे. चौथा पडदा झिजलाय, नवा बांधणे. गाणारीसाठी लहान, वरच्या पट्टीची विहुएला कुणाकडून चार दिवस उसनी मिळते का, विचारणे. डिसेंबरात हवा कोरडी होईल, खडू बाहेर.